वयाचा दाखला

गेल्या अंकात आम्ही वाचकांना बडोद्याच्या जुन्या वाचनालयांविषयी लिहिण्याचे वचन दिले होते. टिपणेही काढून ठेवली होती. परंतु एका शनिवारी शाळा सुटल्यावर, शिपाई खिडक्या लावीत असता, कार्यालयाच्या दाराशी एक जुनी विद्यार्थिनी येऊन उभी राहिली आणि वाचनालये मागे पडली. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. ते ऋण पुढील अंकी फेडू.

ही मुलगी (तिला आता मुलगी म्हणणे योग्य नव्हे, तिला स्वतःची दोन मुले आहेत) बडोद्याच्या न्यायालयात वकिली करते. गोरवा, उंडेरा करीत ती स्कूटरवरून कोयलीला आली होती. काळा कोट घडी करून हातावर टाकलेला. तिला आम्ही कोयलीच्या शाळेत शिकविलेले नाही. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतो. तेथे पहिलीच्या वर्गात ती आमच्यापुढे बसत असे. बोलणे अर्थातच गुजरातीत झाले, येथे ते मराठीत देतो. पाया पडून ती बसली, पाणी प्यायली, आणि पिशवीतून एक कागद काढून तिने तो टेबलावरून आमच्याकडे सरकविला.

'साहेब, हे अक्षर ओळखता?'

महाराष्ट्रात ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात आणि आम्हा गुजरातवासीयांच्या तोंडी ज्याचे नाव वयपत्रक असे आहे, त्याच्या एका पानाची ती छायाप्रत होती. अक्षर आमचेच होते. त्या वयात आम्ही एकाच्या आकड्याला उगाचच एक वळसा देत असू. तो वळसाही तेथे होता. आणि त्या वळशाने लिहिलेली तारीख होती एक जून.

वाचकांपैकी जे शिक्षक असतील, किंवा ज्यांचे आईवडील खेड्यात जन्मले असतील, त्यांना एक जूनची महती सांगावयास नको. आपल्या देशातील एका अख्ख्या पिढीचा जन्म एक जून रोजी झालेला आहे. शाळा जूनमध्ये उघडणार, आई जन्माची तिथी सांगणार, तीही बहुधा 'पेरणी झाली तेव्हा' किंवा 'थोरल्या दिराचे लग्न झाले त्या साली' अशा मापाने. आणि टेबलामागे बसलेला मास्तर बोटांवर हिशेब करून एक जून लिहून मोकळा होणार. आमची स्वतःची जन्मतारीखही एक जून १९६९ अशीच आहे. घरी आमचा वाढदिवस दत्तजयंतीला होत असे. म्हणजे मार्गशीर्षात जन्मलेले आम्ही सरकारच्या दप्तरी जूनपासूनच जिवंत आहो, आणि जन्मापूर्वीचे ते सहा महिने सेवानिवृत्तीच्या हिशेबात आमच्याकडून वजा होणार. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सेवक आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम असल्यामुळे ३१ मे २०२७ रोजी आमची खुर्ची रिकामी व्हायची आहे. असो. आमचे राहू द्या.

त्या मुलीचे असे झाले होते. तिची आई तिला घेऊन आली तेव्हा 'पाचव्या नोरत्याला झाली' असे म्हणाली होती, हे आम्हांला लख्ख आठवते. नवरात्रातला जन्म म्हणजे जूनमध्ये पाच वर्षे पुरी होण्यास जवळजवळ चार महिने कमी पडत होते. नियमाप्रमाणे तिला पुढील वर्षी या म्हणून परत पाठवावयास हवे होते. परंतु वडील वीटभट्टीवर मजूर, कुटुंब हंगामाबरोबर हलणारे. परत पाठविलेली मुलगी पुढच्या वर्षी येत नाही हे दोन वर्षांच्या नोकरीतच आम्ही शिकलो होतो. म्हणून आम्ही एक जून लिहिली. त्या वेळी आपण एक पुण्यकर्म केले असे वाटले होते. खोटे कशाला बोलावे, परवापर्यंत तसेच वाटत होते.

आता ती कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू इच्छीत होती. अर्ज भरताना कळले की जाहिरातीत दिलेली वयाची वरची मर्यादा तिने कागदोपत्री ओलांडली आहे. किती दिवसांनी? त्या आमच्या चार महिन्यांच्या आतच. खरे वय धरले असते तर ती बसत होती.

न्यायाधीशाच्या वयाचा प्रश्न एका शाळेच्या रजिस्टरावर येऊन अडावा हे काही नवे नाही. फार मोठ्या पायरीवर तो अडला आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ज्योतिप्रकाश मित्तर यांनी आपली जन्मतारीख २७ डिसेंबर १९०४ अशी सांगितली होती. त्यांच्या विद्यार्थिदशेतील नोंदीत मात्र १९०१ हे साल निघाले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने त्या काळी साठाव्या वर्षी निवृत्त व्हावयाचे असे. म्हणजे एका हिशेबाने त्यांनी १९६१च्या अखेरीस घरी जावयास हवे होते आणि दुसऱ्या हिशेबाने १९६४च्या. त्यांना जावे लागले, ते भांडले, आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयात १९७१ सालापर्यंत चालले. त्याच्या मधल्या एका टप्प्यावर निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते आपले साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. शेवटी राष्ट्रपतींचा निर्णय कायम राहिला, म्हणजे १९०१ हेच साल खरे ठरले. या सगळ्या घोळातूनच घटनेत एक कलम आले. १९६३च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने निवृत्तीचे वय साठावरून बासष्टावर नेले, आणि त्याच दुरुस्तीने असेही लिहून ठेवले की उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या वयाविषयी वाद उत्पन्न झाला तर भारताच्या सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींनी तो सोडवावा व तो निर्णय अंतिम समजावा. कोठल्याशा शाळेतल्या कारकुनाने किंवा मास्तराने ओढलेली एक रेघ. ती पुसायची की ठेवायची हे ठरवावयास राष्ट्रपती लागले!

घटनेत न्यायाधीशांसाठी वरची मर्यादा आहे, खालची नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उच्च न्यायालयासाठी दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षे न्यायाधिकाराची जागा सांभाळलेली असावी, एवढेच. तीस वर्षांचा माणूस उच्च न्यायालयात बसू शकणार नाही असे घटना कोठेही म्हणत नाही. तो बसत नाही हा रिवाजाचा भाग आहे. निवृत्तीचे साठ आणि पासष्ट हे आकडे मात्र घटनाकारांनी १९३५च्या कायद्यातून उचलले. त्या कायद्यात उच्च न्यायालयाला साठ आणि संघ न्यायालयाला पासष्ट अशी वर्षे होती. त्याआधी १८६१च्या कायद्याने स्थापन झालेल्या उच्च न्यायालयांत वयाची मर्यादा अशी नव्हतीच, राणीची मर्जी हीच मर्यादा. मे १९४९मध्ये घटना समितीत पासष्टावर चर्चा झाली तेव्हा पंडित नेहरूंनी आइन्स्टाईनचे उदाहरण दिले होते. इतक्या थोर बुद्धीच्या मनुष्याला, तुझी साठी उलटली, आता तुझे प्रयोग घरी बसून कर, असे कोणी सांगेल काय, असा त्यांचा आशय होता. न्यायाधीश हे त्या कोटीतले, सामान्य सेवकांची फूटपट्टी त्यांना लावू नये, असे त्यांना म्हणावयाचे होते. आम्हां सामान्य सेवकांना हे वाचून थोडेसे लागते, पण मुद्दा खरा आहे.

वरची मर्यादा कशासाठी, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. वार्धक्याने स्मरण मंदावते, खुर्चीवरचा माणूस खुर्ची सोडीत नाही, मागच्यांची वाट अडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ही मर्यादा नाही. होम्स नव्वद वर्षांचे होऊन १९३२ साली पायउतार झाले, आणि रूथ गिन्सबर्ग सत्त्याऐंशीव्या वर्षी, २०२० साली, पदावर असतानाच वारल्या. इंग्लंडात सत्तरची मर्यादा होती, ती २०२२ साली पंच्याहत्तर केली. आपल्याकडे उच्च न्यायालयाला बासष्ट आणि सर्वोच्च न्यायालयाला पासष्ट हा भेद का, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप कोणाकडून मिळालेले नाही. बासष्टाव्या वर्षी अहमदाबादेत न्याय करण्यास असमर्थ झालेला मनुष्य दिल्लीस गेला की आणखी तीन वर्षे समर्थ राहतो, असे त्या भेदाचे सरळ भाषांतर होते. तो मिटविण्याचे विधेयक २०१० साली लोकसभेत आले आणि लोकसभेबरोबरच २०१४ साली निकालात निघाले.

याहून मोठी गंमत सरन्यायाधीशपदाची आहे. तेथे ज्येष्ठतेचा क्रम चालतो आणि पासष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी खाली उतरावे लागते. त्यामुळे कोण किती दिवस त्या खुर्चीवर बसेल हे त्याच्या जन्मतारखेवर ठरते. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड चाळिसाव्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात गेले, म्हणून फेब्रुवारी १९७८ ते जुलै १९८५ अशी सात वर्षांहून अधिक त्यांना मिळाली. इतका काळ दुसऱ्या कोणास मिळालेला नाही. त्यांचे चिरंजीव धनंजय हेही चाळिसाव्याच वर्षी त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले, आणि त्यांना दोन वर्षे मिळाली. त्यांच्या आधीचे उदय लळित २०२२ साली ७४ दिवस होते. अमरावतीचे भूषण गवई २०२५ साली मे ते नोव्हेंबर. कमल नारायण सिंह तर २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर १९९१ एवढेच. आज ठरलेला क्रम टिकला तर २०२७मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, त्याही ३६ दिवसांकरिता. सत्त्याहत्तर वर्षांनी स्त्रीची पाळी यावी आणि ती एका शालेय सत्राइतकीही नसावी! तक्रार कोणावर करावी? चाळिशीच्या आसपास जो उच्च न्यायालयात पोहोचला त्याला शिखर दिसते. पंचेचाळिशी-पन्नाशीत पोहोचलेल्याचे दिवस बहुधा शिखराखालीच संपतात. आणि उशिरा पोहोचणाऱ्यांत स्त्रिया का अधिक, हे ज्यांच्या घरी सुना-मुली आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको.

आता खालच्या मर्यादेकडे वळू. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याच टोकाचा आहे.

२०१९ साली राजस्थानात परीक्षेची किमान वयोमर्यादा तेवीसावरून एकवीस केली आणि त्याच वर्षी जयपूरच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणाने ती परीक्षा उत्तीर्ण केली. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आम्हीही वर्गात ती बातमी वाचून दाखविली. परंतु रात्री विचार करता मन अस्वस्थ झाले. एकवीस वर्षांच्या मुलासमोर एक नवरा, एक बायको आणि त्यांचे चार वर्षांचे पोर उभे राहणार. पोर कोणाकडे द्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर कलमांत अर्धेच असते. उरलेले अर्धे कोठून यावे? आम्ही स्वतः चोविसाव्या वर्षी पहिलीच्या वर्गापुढे उभे राहिलो तेव्हा आम्हांला आमच्याविषयी जी खात्री होती तिचा आठव आला तरी आज संकोच होतो. त्या खात्रीचाच एक नमुना टेबलावर छायाप्रतीच्या रूपाने पडला होता.

सर्वोच्च न्यायालयालाही असेच वाटले असावे. २० मे २०२५ रोजी त्याने निर्णय दिला की कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसणाऱ्याने निदान तीन वर्षे वकिली केलेली असावी. ही अट मुळात १९९३ साली घातली होती; २००२ साली, हुशार मुले तीन वर्षे थांबत नाहीत, ती दुसरीकडे वळतात, म्हणून ती काढली; आता पुन्हा घातली. तेवीस वर्षांत न्यायालयाने आपलेच मत दोनदा बदलले याबद्दल कोणी हसू नये. प्रश्नच तसा आहे. न्यायालयाचे अंगण पाहिल्याशिवाय न्यायाधीश होऊ नये हे आम्हांला पटते. परंतु अंगण पाहण्यात गेलेली तीन वर्षे मुलाच्या आयुष्यातील एक असतात आणि मुलीच्या आयुष्यातील दुसरी. मुलाला घरचे म्हणतात, धीर धर. मुलीला म्हणतात, किती दिवस? आमच्या विद्यार्थिनीचे लग्न पदवीच्या वर्षी झाले. कायद्याचे शिक्षण तिने पहिला मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर घेतले. खालची अट आणि वरची मर्यादा यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यातून निघून जाण्यास अशा मुलींना एक-दोन वर्षेच मिळतात, आणि त्यात कोणा मास्तराचे चार महिने आडवे येतात.

खरे तर परिपक्वतेला कोणते वय लावावे? काशिनाथ त्र्यंबक तेलंग एकुणचाळिसाव्या वर्षी, १८८९ साली, वकिलीतून थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या रिकाम्या जागी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. रानडे तेलंगांहून आठ वर्षांनी वडील. ते १८७१ साली, एकोणतिसाव्या वर्षीच, पुण्यास दुय्यम न्यायाधीश झाले होते. परंतु खालून वर जिन्याने चढता चढता त्यांना १८९३ साल उजाडले. एक दारातून आले, एक जिन्याने. न्यायमूर्ती ही पदवी मात्र मराठी माणसाच्या तोंडी रानड्यांच्या नावाला अशी चिकटली की ती त्यांचे नावच झाली. आणि रामशास्त्री? विशीपर्यंत अक्षरओळख नव्हती, साताऱ्यास सावकाराच्या घरी चाकरी करीत होते, असे परंपरेने सांगतात. मग काशीस गेले, शिकले, आणि १७५९मध्ये पुण्यास मुख्य न्यायाधीश झाले. पुढे नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना त्यांनी काय ऐकविले ते आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलो. आजच्या परीक्षापद्धतीत विशीत मुळाक्षरे गिरविणाऱ्याचा अर्ज कोठे बसला असता याचा विचार आम्ही मुद्दाम करीत नाही.

बडोद्याचे उदाहरण तर हाताशीच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले ते डिसेंबर १८८१मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी. राज्यातील शेवटचा न्याय त्या दिवसापासून त्या तरुणाच्या हाती आला. त्याच राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते अब्बास तय्यबजी. जन्म बडोद्याचाच, १८५४चा. शिक्षण विलायतेत, राहणी विलायती, सारी हयात सरकारी शिस्तीत गेलेली. निवृत्तीनंतर माणसाने काय करावे? सुरसागराच्या काठाने फिरावे, नातवंडांना इंग्रजी शिकवावे. हे गृहस्थ गांधीजींच्या मागे गेले, खादी ल्याले, जालियनवाला बागेच्या काँग्रेस चौकशी समितीत बसले. आणि १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर धारासणेच्या मिठागराकडे निघालेल्या सत्याग्रहींच्या अग्रभागी कस्तुरबांसमवेत चालू लागले. त्या वेळी त्यांचे वय शहात्तर होते. वाटेतच पकडले गेले. ज्याने आयुष्यभर माणसे तुरुंगात पाठविली त्याने निवृत्तीनंतर स्वतः तुरुंग पाहिला. न्यायाधीशाचा अनुभव पुरा होण्यास किती वर्षे लागतात, या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे; पण ते नियमावलीत घालता येण्यासारखे नाही.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले असे नव्हे. मास्तराला सांगण्याची खोड असली तरी समोरचा माणूस कशासाठी आला आहे एवढे कळण्याचे आमचे वय झाले आहे. आम्ही तिला म्हटले, 'चूक आमची आहे. आम्ही प्रतिज्ञापत्र करून देतो. नोंद आम्ही जाणून चुकीची केली, असे लिहून देतो. निवृत्तीच्या तोंडावर काय व्हायचे ते होवो.'

ती हसली. 'साहेब, तुमच्या शब्दाखेरीज पुरावा काय? पंचायतीत जन्माची नोंद नाही. आई गेली. दहावीच्या दाखल्यावर हीच तारीख आहे, मतदार यादीत हीच, माझ्या सनदेवर हीच. इतक्या वर्षांनी, परीक्षेच्या तोंडावर, सोयीची तारीख मागणारा अर्ज समोर आला तर न्यायालये तो फेटाळतात. मी त्या खुर्चीवर असते तर मीही फेटाळला असता.'

आम्ही निरुत्तर झालो. मनात आले, परीक्षा घेणाऱ्यांनी दुसरे काही विचारण्याचे कारण नाही. हिची परीक्षा आताच झाली. पण आमच्या मताला जाहिरातीत जागा नाही.

शिपाई दोनदा डोकावून गेला होता. बाहेर तेलशुद्धीच्या कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत दिसू लागली होती. नेहरूंनी १९६३ साली कोनशिला बसविलेला हा कारखाना कोयलीच्या कित्येक पोरांचे वय ठरवून गेला. भरतीच्या अर्जावर अठरा पुरी दिसावीत म्हणून शाळेचे उंबरठे झिजविणारे बाप आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी पाहिले, आम्हीही पाहिले. कोणाला मूल मोठे करून हवे असते, कोणाला लहान. गेल्या काही वर्षांपासून गुजरातेत पहिलीत येणाऱ्या मुलाची सहा वर्षे एक जूनला पुरी हवीत असा नियम झाला आहे, आणि जन्मदाखल्याशिवाय संगणक नाव घेत नाही. एका दिवसाने कमी पडलेले पोरही परत जाते. नियम चांगला आहे. तरी दरवर्षी जूनमध्ये चार-पाच आया दारातून परत जातात आणि त्यांतली एखादी मजुराची असते. ती पुढच्या जूनला दिसली की आम्ही मनात तिचे नाव खूण करतो. दिसली नाही तर त्या दिवशी आमचे चित्त लागत नाही.

'मग तू आलीस कशाला?' आम्ही विचारले.

तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कामाची. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीची परीक्षा वेगळी असते. तिला सात वर्षांचा अनुभव लागतो, आणि तेथे उलट खालची मर्यादा आहे: पस्तीस पुरी हवीत. दिल्लीतील अशा अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्यता दिली होती, आणि ९ ऑक्टोबर २०२५च्या घटनापीठाच्या निर्णयातही किमान पस्तीस हेच वय आले. तिची वकिलीची सात वर्षे येत्या दिवाळीला भरतात. ती म्हणाली, 'लहान परीक्षेला मी तुमच्या चार महिन्यांनी म्हातारी झाले. मोठ्या परीक्षेला त्याच चार महिन्यांनी वेळेआधी वयात आले. हिशेब फिटला.' मोठी परीक्षा फार कठीण, जागा थोड्या, हे तिला ठाऊक आहे. रात्री दोन्ही मुले झोपल्यावर अकरा ते दोन अभ्यास करते. सासूबाई सकाळचे डबे करतात. त्या सासूबाईंचे वय कोणी विचारू नये, वाढदिवस त्यांचाही एक जूनचाच निघेल.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि थोडा वेळ पिशवीचे बंद ओढीत बसली. आई तिच्या लहानपणीच गेली. वडिलांना दिवस आठवत नाही. धाकटा मुलगा परवा विचारीत होता, आई, तुझा खरा वाढदिवस कधी? 'आईने तुमच्यासमोर काय सांगितले होते ते तुम्हांलाच ठाऊक असणार, साहेब. दुसरे कोणी उरले नाही.'

पाचवे नोरते, आम्ही सांगितले. आईच्या कडेवर तेव्हा एक लहान भाऊ होता, आणि तू टेबलाचा कोपरा धरून उभी होतीस, हेही सांगितले. पाचवे नोरते म्हणजे आपली ललितापंचमी. त्या वर्षी ती कोणत्या इंग्रजी तारखेस पडली होती हे पाहून कळविण्याचे आम्ही कबूल केले आहे. इतके जुने पंचांग आमच्या घरी नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती वाचनालयात असेल. १९१० साली महाराजांनी उभारलेल्या त्या वाचनालयाची टिपणे काढावयाचीच होती, तेव्हा येत्या रविवारी सकाळी जाऊन येऊ.